झिंगलेला हत्ती

रविवार, रात्री

पाय बोलतायत. जपानमधल्या फुकुईहून इचिजोदानीला जाणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच, आणि माझ्या घोळामुळे आमची नेमकी चुकली. बाबा फलाटावर काही बोलले नाहीत. त्यातच सगळं आलं.

दरी चिंचोळी. दोन्हीकडे डोंगर, मधून नदी, आणि डोंगराच्या पायथ्याशी असाकुरा या सरदार घराण्याचा वाडा. वाडा म्हणजे आता नुसती जोती. तीन बाजूंना खंदक आणि मातीचा तट, पूर्वेला डोंगराचीच भिंत. शेवटचा सरदार योशिकागे इथे राहायचा. जागा सुमारे 6,500 चौरस मीटर म्हटल्यावर बाबांचा हिशेब तयार: "64 गुंठे. बुद्धिबळाचा पटच की!" मग तटाजवळ उभे राहून ते गवतातले खांबांचे दगड मोजत बसले. दर्शनी लाकडी दरवाजा देखणा आहे, पण तो नंतर तिथे झालेल्या देवळाचा. फोटो मात्र सगळे त्याचेच काढतात.

इथून असाकुरांनी पाच पिढ्या एचिझेन प्रांत सांभाळला. 1573 मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या सैन्याने गाव पेटवलं. तीन दिवस, तीन रात्री जळत होतं म्हणतात. योशिकागेने पळून जाऊन शेवटी पोट चिरून घेतलं. पुढे कारभार आजच्या फुकुईकडे हलला आणि इथे भातखाचरं झाली. म्हणूनच मातीखालचे गावाचे अवशेष शाबूत राहिले. 1967 पासून खणताहेत.

संग्रहालयात बाबा एका काचेपाशी अडकले. जपानी बुद्धिबळाच्या, शोगीच्या, लाकडी सोंगट्या. वाड्याच्या खंदकातल्या चिखलाने त्या शंभरावर राखल्या. त्यातल्या एकीवर लिहिलंय 'झिंगलेला हत्ती'. ज्या दरीत कुणी हत्ती पाहिला नसेल, तिथे हा आपल्या चतुरंगातून चालत आलेला! आजच्या शोगीत तो नाही. तेव्हा तो पलीकडच्या गोटात पोचला की सोंगटी उलटी करायची आणि तो युवराज व्हायचा. राजा पडला तरी युवराज असेतो डाव चालू.

"चालतो कसा?" बाबांनी विचारलं.

"कुठेही एक घर. फक्त सरळ मागे येत नाही."

ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "बरं, परतीची गाडी किती वाजता? या वेळी मी बघतो."