दोन इंच

सोलापूरची संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सोलापूरजवळच्या एका तळ्याकाठी पक्षी बघत फिरायला वाट करायचं काम आमच्याकडं होतं, मी साईट सुपरवायझर. तळ्याचं नाव लिहीत नाही. काम संपलं होतं, उद्घाटन व्हायचं होतं, पण लोकं यायला लागली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं पेव्हर ब्लॉक टाकले की वाट झाली. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर थेट ब्लॉक बसवले तर वर्षा-दोन वर्षात सगळं वर-खाली होतं. म्हणून दोन फूट माती काढली, मुरूम भरला, सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, परत थर. रॅम्पवरून तर मी खरंच भांडलो. गेटपासून वाटेपर्यंत सव्वादोन फूट चढ आहे आणि ड्रॉइंगमध्ये तो साडेतेरा फुटात बसवलेला, म्हणजे एकास सहा. अशा रॅम्पवर व्हीलचेअरवाला स्वतःच्या हातानं चढूच शकत नाही, उतरताना तर मागचा माणूस पुढं ओढला जातो. नियम एकास बाराचा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. सत्तावीस फूट करून घेतला, वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट जागा, दोन्ही बाजूंना धरायला पाईप. पाणी भरलेली लेव्हल ट्यूब घेऊन दर तीन फुटांवर मी स्वतः पातळी बघितली. गटारीवरची जाळी पण काढून परत बसवायला लावली, पट्ट्या वाटेला आडव्या, नाहीतर खुर्चीचं पुढचं छोटं चाक फटीत घुसून बसतं. मिस्त्री वैतागला, पण केलं त्यानं.

त्या दिवशी सकाळी सात-सव्वासातला एक मामा आले, व्हीलचेअरवर, साठीच्या पुढचे, एक पाय गुडघ्याखाली नाही, आणि ढकलणारी दहा-अकरा वर्षांची नात. अडले कुठं तर गेटवरच. गेटचं काम दुसऱ्या ठेकेदाराचं, मोटरसायकली आत घुसतात म्हणून त्यानं पाईपचं नागमोडी गेट लावलेलं, मधली फट वीस इंच. खुर्ची सव्वीस इंची! मोटरसायकली अडवायच्या नादात ज्याच्यासाठी रॅम्प केला तोच माणूस बाहेर, आणि हे गेट मंजूर करणाऱ्या एकालाही ते दिसलं नाही याचा मला अजून राग येतो. वॉचमन म्हणाला चौघं मिळून उचलू की. मामा म्हणाले, "नको ओ साहेब, उचलताना पडलोय एकदा." ट्रॅक्टरच्या मोठ्या गेटची चावी दुसऱ्या वॉचमनकडं, तो चहाला गेलेला. पाऊण तास थांबलो तिथं. बोलता बोलता कळलं की मामा पस्तीस वर्षं पॉवरलूमवर होते, चादरीच्या कारखान्यात, शुगरनं पाय गेला.

रॅम्पवर त्यांनी नातीला हात काढायला लावला. स्वतः चाकं फिरवत वर आले, मध्ये एकदा पण न थांबता, आणि मागं वळून रॅम्पकडं बघून म्हणाले, "उतार एकसारखा धरलाय की." पस्तीस वर्षं मागावर ताण्याचे उभे धागे बघितलेली नजर. माझ्या नऊ वर्षांच्या कामात असं कुणी बोललं नव्हतं.

मग पक्षी बघायच्या जागेवर गेलो. पाण्याच्या बाजूला संरक्षक भिंत, चार फूट, ती पण मीच बांधून घेतलेली, ड्रॉइंगप्रमाणं. नात टाचा उंच करून बघायला लागली आणि सांगायला लागली, "आजोबा, काळे काळे लई हायत, कपाळावर पांढरं." मामा म्हणाले, "वारकरी असतील, गंध लावल्यासारखं दिसतंय बघ." मग ती म्हणाली केशरी बदकं पण हायत दोन, ते म्हणाले चक्रवाक. सगळी नावं त्यांना पाठ, आणि समोर फक्त प्लास्टर. मी खाली उकिडवा बसलो त्यांच्या शेजारी. मला पण प्लास्टरच दिसलं, त्यात एक बारीक क्यूरिंगची भेग.

खिशात टेप होता. विचारलं, "मामा, मापू का?" "मापा की." जमिनीपासून त्यांच्या डोळ्यापर्यंत तीन फूट दहा इंच. भिंत चार फूट.

दोन इंच.

एकास बारा मला पाठ आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा माहीत आहे, पण बसलेल्या माणसाचा डोळा कुठं येतो हे मी कधी मापलंच नव्हतं. भिंत सुरक्षेसाठी लागते हे खरं, पण तेवढ्या जागेत उभ्या गजाचं रेलिंग चाललं असतं, पाणी पण दिसलं असतं आणि पोरं पण पडली नसती. ड्रॉइंग हातात होतं तेव्हा मीच विचारायला पाहिजे होतं. रॅम्पसाठी भांडलो तसंच.

वर विचारलं तर उत्तर आलं, टेंडर क्लोज झालंय, आता बदल नाही. मी लेखी अर्ज दिलाय: आठ फूट लांबीची भिंत फोडून रेलिंग, गेटची फट तीन फूट. फॅब्रिकेटरकडून दर काढून जोडलाय, फोडायची मजुरी आमच्याकडून धरा असं पण लिहिलंय, मालकाला विचारून. मामांचा नंबर घेतलाय. चक्रवाक मार्चपर्यंत असतात.