एका मॅटिझसाठी दुसरी मॅटिझ

देवू कंपनीच्या मॅटिझ गाडीचा टायमिंग बेल्ट तुटलाय हे बॉनेट उघडायच्या आधी कानाला कळतं. सेल्फ मारला की इंजिन नेहमीसारखं थबकत थबकत फिरत नाही. एकदम हलकं, सलग फिरतं, कारण आत कॉम्प्रेशनच तयार होत नसतं. मग ऑइलचं झाकण काढायचं, आत टॉर्च मारायची आणि पोराला सांगायचं, एकदाच सेल्फ मार. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर हलले नाहीत की पुढचं सगळं स्पष्ट. त्यानंतर किल्लीला हात लावायचा नाही. या इंजिनात पिस्टन वर येतो आणि व्हॉल्व्ह खाली येतो ती जागा एकच आहे. दोघांच्या वेळा बेल्टने बांधून दिलेल्या असतात म्हणून ते एकमेकांवर आदळत नाहीत. बेल्ट गेला की आदळतात.

अण्णांची गाडी कागलकडून येताना हायवेवर बंद पडली आणि क्रेनने माझ्या गॅरेजवर आली. अण्णा मार्केट यार्डातले गुळाचे अडते. गाडी त्यांनी २००१ साली नवी घेतली, म्हणजे कंपनी बुडाल्याच्या बातम्या पेपरात येऊन गेल्यावर. यार्डातल्या लोकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं. तेव्हापासून ती गाडी माझ्याच हातात होती. मधली काही वर्षं मात्र त्यांच्या मुलाने ती घराजवळच्या एका गॅरेजला नेली, स्वस्तात होतं म्हणून. बेल्ट तिथेच बदलला होता.

कव्हर काढलं आणि कारण समोर आलं. बेल्ट फार जुना नव्हता, पण तेलाने पूर्ण भिजलेला होता. कॅमशाफ्टचं ऑइल सील गळत होतं. ते सील काही फार महागाचं नसतं. बेल्ट बदलताना ते समोर दिसतं, हाताशी असतं, आणि तरीही जुनंच ठेवलं होतं. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही जुनाच, हाताने फिरवला तर खरखरत होता. आमच्या धंद्यात 'बसव आणि सोड' म्हणणारे वाढलेत. बेल्टचं काम म्हणजे बेल्ट, टेन्शनर आणि सील, तिन्ही एकदम. हे ज्याला परवडत नाही त्याला मी बेल्टही बदलून देत नाही. गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे जातं, जाऊ दे.

हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, काढल्यावर मात्र मी गप्प झालो. सहा व्हॉल्व्हपैकी बरेचसे वाकलेले होते, ते अपेक्षितच होतं. पण मधल्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं होतं, आणि गाडी थांबेपर्यंत पिस्टनने ते वर ठेचत ठेवलं होतं. पिस्टनच्या माथ्यावर खड्डे, कडा तुटलेली. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटपासून पाण्याच्या वाटेपर्यंत तडा. उद्यमनगरात आमचे एक जुने कारागीर आहेत, ऑइल इंजिनांच्या काळापासूनचे. गाइड हवा असेल तर लेथवर ओतिवातून कोरून देतात, सीट बसवून देतात. त्यांनी भिंग लावून तडा पाहिला, नखाने चाचपला आणि हेड माझ्याकडे सरकवलं. "ह्याला वेल्डिंग मारून देणारे भेटतील तुला. मी देणार न्हाई. गरम झालं की परत उघडंल." त्यांचं नाही म्हणजे नाही.

गंमत अशी की सिलिंडरच्या भिंती नव्यासारख्या होत्या. नव्या सिलिंडरची भिंत घासताना उठलेल्या, होनिंगच्या तिरक्या बारीक रेषा अजून दिसत होत्या. इतकी वर्षं चाललेल्या इंजिनात त्या दिसणं म्हणजे धातूही चांगला आणि ऑइलही वेळेवर बदललेलं. खालचं अर्धं इंजिन अजून एवढंच चाललं असतं.

आता ही गाडी कोणाची, कुठली, हे सांगितल्याशिवाय पुढची अडचण कळणार नाही. देवू ही किम वू-चुंग यांनी १९६७ साली सुरू केलेली कापड निर्यातीची कंपनी. मोटारी नंतर आल्या, जनरल मोटर्सच्या भागीदारीत. ती भागीदारी १९९२ साली मोडली आणि मग किम यांनी जगभर कारखाने घ्यायचा सपाटा लावला. रोमानियात क्रायोवा, पोलंडमध्ये वॉर्साची एफएसओ, उझबेकिस्तानात असाका. आपल्याकडे उत्तर प्रदेशात सूरजपूरला डीसीएम आणि टोयोटा मिळून छोटे ट्रक बनवत, तो कारखाना त्यांच्याकडे आला. १९९५ साली सिएलो आली. ती मुळात ओपेल कॅडेटच्या घराण्यातली. आणि १९९८ च्या हंगामात सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका तिघी मागोमाग आल्या. ज्यांनी जन्मभर मारुती ८०० किंवा फियाटच पाहिली होती त्यांना एकदम निवड करायची वेळ आली.

मॅटिझचं रूप इटालियन डिझायनर जुजारो यांच्या इटालडिझाइनने आखलेलं. ते मूळ फियाटच्या छोट्या गाडीसाठी सुचवलेलं होतं, फियाटने घेतलं नाही, देवूने घेतलं. अजूनही ती गोल दिव्यांची गाडी रस्त्यावर दिसली की माणसं वळून बघतात. इंजिन मात्र ओळखीचं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. हाच आकडा मारुती ८०० चा, कारण दोघांचं मूळ सुझुकीच्या एकाच इंजिनात आहे. देवूने आधी सुझुकी अल्टोवर बेतलेली टिको बनवली आणि तिथून ते इंजिन मॅटिझमध्ये आलं. म्हणून लोक बिनधास्त म्हणतात, मारुतीचं सगळं बसतं. नाही बसत. काही बसतं, काही बसल्यासारखं वाटतं, आणि हे दुसरं फार धोक्याचं. व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय मी मारुतीचा एक वॉशरही मॅटिझला लावत नाही.

मी तेव्हा देवूच्या एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होतो. १९९९ साली देवूचा सगळा डोलारा कर्जाखाली कोसळला, किम देश सोडून गेले, २००० च्या नोव्हेंबरात मोटार कंपनीने दिवाळं काढलं. २००२ साली जनरल मोटर्सने देवूचा मोटार धंदा विकत घेतला, पण हवं तेवढंच उचललं. सूरजपूर त्यात नव्हतं. इथलं उत्पादन रखडत रखडत थांबलं. आमचं वर्कशॉप बंद झालं तेव्हा पार्टचा साठा किलोच्या भावाने गेला. मी सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स तेवढी मागून घेतली. आज माझ्याकडे ज्या मॅटिझ येतात त्या त्या झेरॉक्सवर चालतात.

पुढे तीच गाडी नव्या रूपात जनरल मोटर्सच्या शेव्हरोले या नावाने स्पार्क म्हणून आली आणि २००८ पासून आपल्या तळेगावात बनू लागली. मला वाटलं, चला, आता पार्ट मिळतील. पण इंजिन वेगळं, ९९५ सीसी, चार सिलिंडर. शेव्हरोलेही २०१७ च्या शेवटी इथली विक्री थांबवून गेली. तळेगावचा तो कारखाना २०२३ मध्ये ह्युंदाईने घ्यायचा करार केला. देवूचे ट्रक टाटांनी २००४ साली घेतले, कोरियातल्या गुन्सानच्या कारखान्यासकट. एवढ्या मोठ्या घराच्या वाटण्या झाल्या, सगळ्यांनी आपापला वाटा नेला. ज्यांनी गाड्या विकत घेतल्या होत्या त्यांचा विचार कुठल्या करारात होता, हे मला कधी दिसलं नाही. सँट्रोचा पार्ट आज कोणत्याही दुकानात खुंटीला टांगलेला असतो. दोघी एकाच वर्षी आल्या होत्या. गाडी म्हणून मॅटिझ तसूभरही कमी नव्हती, हे मी दोन्ही इंजिनं उघडून सांगतोय.

तर अण्णांना हेड हवं होतं. पुण्याच्या नाना पेठेत विचारलं. दिल्लीच्या काश्मिरी गेटला ओळखीचा व्यापारी आहे, त्याच्याकडे व्हॉल्व्हचा एक जुना, न फोडलेला खोका निघाला, गॅस्केट निघालं. हेड नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक हेड मिळालं, त्याचा फोटोच पाहून नको म्हटलं, पाण्याच्या वाटा गंजून खाल्लेल्या. आणि या सगळ्या वेळात मला माहीत होतं की चांगलं हेड माझ्याच आवारात, पत्र्याखाली उभं आहे.

ती मॅटिझ राजारामपुरीतल्या एका प्राध्यापकांची. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणून ठेवली. तो हिंजवडीत नोकरी करतो. "काका, मला ती नीट करायची आहे, पण आत्ता जमणार नाही. जागेचं भाडं देतो." भाडं तो देतो, न चुकता. मी अधूनमधून त्या गाडीचं इंजिन हाताने फिरवून ठेवायचो, टायरला हवा भरायचो. तिचं इंजिन ठणठणीत होतं. गेलेला होता तो पत्रा. दाराखालचे सिल्स आणि फ्लोअर गंजलेले, म्हणजे वेल्डिंगचं मोठं काम, पण होण्यासारखं.

मी त्याला फोन केला. खरं ते सगळं सांगितलं, अण्णांच्या गाडीचं काय झालंय, काय लागतंय. हेड आणि एक पिस्टन. तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "काका, हे काढलं की आमची गाडी पुन्हा कधीच चालू होणार नाही, असंच ना?" मी म्हटलं, "दुसरं हेड मिळालं तर होईल. पण मिळत नाहीये, म्हणूनच तुला फोन केला." तो म्हणाला, आईशी बोलून सांगतो.

इकडे अण्णांचा मुलगा माझ्यासमोर हिशेब मांडत होता. खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाणार. नोंदणीकृत केंद्रात स्क्रॅपला दिली तर प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. फेरनोंदणीची फी २०२२ साली पाच हजार झाली होती, शिवाय पर्यावरण कर. एकही आकडा चुकीचा नव्हता. अण्णांनी सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "मिस्त्री, हुतंय का न्हाई एवढं सांगा." मी म्हटलं, "अण्णा, होतंय. पण उद्या स्टिअरिंग रॅक गेला, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला, तर तो मी कुठून आणणार हे मला सांगता येत नाही." ते म्हणाले, "उद्याचं उद्या. आज जे हुतंय ते करा."

दोन दिवसांनी त्या मुलाचा फोन आला. हेड द्या म्हणाला, आणि किंमत सांगितली. वाजवी होती. मला त्याचं फार बरं वाटलं. फुकट दिलं असतं तर अण्णांना ते ओझं झालं असतं आणि त्यालाही पुढे वाटत राहिलं असतं. अट एकच, बाकी गाडीला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

काम मी स्वतः केलं, पोरांना फक्त हाताखाली घेतलं. नवे व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवले, पोर्टमध्ये रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी एक थेंबही खाली नव्हता. पिस्टन दुसऱ्या इंजिनातला, म्हणून नुसता बसतोय म्हणून भागत नाही. तीनही पिस्टनांचं वजन जुळायला हवं, नाहीतर तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला हादरतं. गुजरीत ओळखीचे एक सराफ आहेत, त्यांच्या काट्यावर तिन्ही मोजले. फरक ग्रॅमच्या आत निघाला. दोन गाड्या वेगवेगळ्या सालच्या, आणि पिस्टन इतके सारखे! सूरजपूरला ते काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला. त्यांची नोकरी आमच्यासारखीच गेली. हेडचे बोल्ट झेरॉक्समधल्या क्रमाने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले. बेल्ट घातल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का पाहिलं. ही पायरी जो गाळतो त्याच्याकडे मी माझी गाडी देणार नाही. टॅपेट सेट केले आणि सेल्फ मारला. पहिल्याच फटक्यात लागली.

अण्णा ती रोज यार्डात नेतात. मुलगा माझ्याशी अजून तुटकच बोलतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित त्याच्यासारखाच हिशेब मांडला असता.

पण माझं मन अण्णांच्या गाडीपाशी नाही, पत्र्याखालच्या गाडीपाशी आहे. हेड काढलं ही बातमी पसरली. इचलकरंजीच्या एकाला तिचा स्टिअरिंग रॅक हवाय, निपाणीच्या एका डॉक्टरांना मागची काच. दोघांच्या गाड्या रोजच्या वापरातल्या आहेत, दोघांची गरज खरी आहे, आणि दोघांना त्या पार्टसाठी दुसरी जागा नाही. तो मुलगा दिवाळीत आला तेव्हा मी हे त्याच्यासमोर ठेवलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसला, आणि मला सांगितलं की तीन-चार गाड्या चालू राहणार असतील तर यादी करून द्या, कोणाला काय हवंय, कोणाची गाडी खरंच रोज चालते. नुसती विकायला घेणाऱ्याला काही द्यायचं नाही. यादी मी केली आहे. रॅकवर माझं आणि त्याचं एकमत होत नाहीये, कारण माझ्या मते तो अण्णांसाठी राखून ठेवायला हवा, आणि त्याच्या मते ज्याची गाडी आज उभी आहे त्याला आधी. इचलकरंजीची गाडी आज उभी आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.