‘टोटल लॉस’ झालेली गाडी घेताना काय बघायचं

सेकंडहँड गाडीच्या इतिहासात ‘टोटल लॉस’ दिसलं की बरेच जण तिथेच व्यवहार सोडतात. पण हा शेरा गाडी किती मोडली याचा नसून हिशेबाचा असतो. दुरुस्तीचा अंदाज बाजारभावाच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी मालकाला गाडीची किंमत चुकती करते आणि गाडी बहुतेक वेळा सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे मोडक्या गाड्यांच्या बाजारात, विकून टाकते. त्यामुळे दहा वर्षं जुन्या गाडीचे दोन एअरबॅग आणि डॅशबोर्ड गेले तरी ती टोटल लॉस ठरू शकते. महागडी नवी गाडी मात्र चासी वाकूनही दुरुस्त होते, आणि तिच्या नावावर काहीच लागत नाही.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग आहेत. ‘ए’ची गाडी पूर्ण चिरडायची, ‘बी’चे पार्ट काढता येतात पण सांगाडा चिरडायचा, ‘एस’मध्ये सांगाड्याला मार लागलेला, ‘एन’मध्ये नाही. ‘एन’ म्हणजे किरकोळ, असं समजू नका. स्टिअरिंग किंवा ब्रेकचं नुकसानही त्यात बसतं. आणि दुरुस्ती कशी झाली हे कुठलाच वर्ग सांगत नाही.

लबाडी सगळ्यात जास्त एअरबॅगमध्ये चालते. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो काढलाय किंवा बिघडलाय. ऑइलच्या दिव्याबरोबरच विझत असेल तर त्याची वायर त्या दिव्याला जोडून दिलीय. पण बॅगच्या जागी रेझिस्टर (बॅग जोडलेलीच आहे असं सर्किटला भासवणारा छोटा पार्ट) बसवला की दिवा अगदी शहाण्यासारखा वागतो, बिघाड वाचणारा स्कॅनरही गप्प बसतो. अशा वेळी कव्हर उघडून आत बॅग आहे का, हे जाणकार मेकॅनिककडूनच बघून घ्यावं. स्वतः हात घालू नये. सीटबेल्टच्या पट्ट्यावरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळवा. ती गाडीच्या नंतरची असेल तर बेल्ट बदललाय, मग का बदलला ते विचारा.

पत्र्यासाठी पेंट मीटर, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र, न्या. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. एखाद्या दरवाजावर ३०० आला तर तो पुन्हा रंगवलेला, हजाराच्या पुढे गेला तर खाली पुट्टी. दरवाजापेक्षा पिलर (छताला आधार देणारे खांब) आणि छतावरचा आकडा गंभीर, कारण ते बोल्टने सुटत नाहीत, कापून वेल्ड करावे लागतात. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर रंग उडून पान्याचे ओरखडे आहेत का तेही बघा.

पुरात बुडालेली गाडी मी तरी फुकटही घेणार नाही. कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी वाळतं, पण हिरवा गंज चढत राहतो आणि सहा महिन्यांनी कधी पॉवर विंडो बंद, कधी एबीएसचा दिवा चालू. बेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधा, सीटच्या रुळांवरचे स्क्रू आणि स्टेपनीचा खड्डा तपासा.

दुरुस्तीआधीचे फोटो आणि पार्टची बिलं मागा. आपली विमा कंपनी या गाडीला पूर्ण विमा देईल का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि गाडी लिफ्टवर चढवायला विकणारा तयार नसेल, तर भाव करतही बसू नका.