मागे उरलेल्यांची गाणी

मंगळवार, रात्री

अमेरिकन रॉक बँड लिंकिन पार्कचा 'फ्रॉम झीरो' हा अल्बम आज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. नोव्हेंबर २०२४मध्ये आला तेव्हापासून मी त्यातलं एखादंच गाणं लावायचे आणि बंद करायचे. बँडची नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग हिच्या आवाजाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दमदार गाते, किंचाळतानाही सूर सोडत नाही. पण ती गायला लागली की माझे कान दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघायला लागतात.

बँडचा आधीचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ला गेला. ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये बँडने त्याच्यासाठी कार्यक्रम केला. त्यात एका गाण्याला मंचाच्या मधोमध नुसता माइकचा स्टँड ठेवला होता. त्यावर फुलं, वरून प्रकाश. वादक वाजवत होते आणि गात होते ते समोरचे हजारो लोक. तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की शेवट व्हायचाच असेल तर तो असा व्हावा.

पण सात वर्षांनी ते परत आले. ड्रमर रॉब बोर्डन परतला नाही, त्याच्या जागी कॉलिन ब्रिटन आला. चाहत्यांमध्ये लगेच दोन तट पडले. 'चेस्टर नाही तर लिंकिन पार्क नाही' म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं. त्याच्या आवाजाने कितीतरी जणांना फार वाईट दिवसांतून पार नेलं आहे. असा आवाज कुणी 'बदलला' म्हटलं की जिवाला लागतंच.

तरीही रात्रभर डोक्यात बँडमधला त्याचा जोडीदार गायक माइक शिनोडा आहे. ही गाणी त्याने चेस्टरबरोबर बसून बांधली, वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी उभं राहून म्हटली. मित्र गेला म्हणून आता ती त्याने म्हणायची नाहीत, असं त्याला कोण सांगणार? मी?

बुधवार

एक गोष्ट आपण सगळे विसरतो. चेस्टर स्वतः दुसऱ्याच्या जागी आलेला होता. बँडचं नाव 'झीरो' होतं तेव्हा मार्क वेकफील्ड गायचा. तो सोडून गेला आणि १९९९मध्ये अॅरिझोनाचा हा मुलगा आला. नव्या अल्बमचं नावही त्या जुन्या नावावरूनच घेतलेलं आहे.

ऑस्ट्रेलियन बँड एसी/डीसीच्या बॉन स्कॉटचंही तेच. त्यांचा पहिला गायक डेव्ह इव्हान्स. बॉन आला १९७४मध्ये. ज्यांच्याशिवाय बँडची कल्पनाच करवत नाही, असं आपण म्हणतो, तेही कधीतरी नवखे होते आणि आधीच्या माणसाशी त्यांचीही तुलना झाली असणार. फरक एवढाच की तेव्हा बँड लहान होता आणि रडायला लाखो लोक नव्हते. आणि कुणी मेलेलं नव्हतं. हा फरक लहान नाही, हे मलाही माहीत आहे.

गुरुवार, उशिरा

एसी/डीसीची गोष्ट आज पुन्हा तारखांसकट डोळ्यांसमोर मांडून पाहिली. बॉन गेला १९ फेब्रुवारी १९८०ला, लंडनमध्ये, वय ३३. 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला त्याच वर्षी २५ जुलैला. मधे जेमतेम पाच महिने. तेवढ्यात नवा गायक शोधला, बहामातल्या नासाऊला जाऊन रेकॉर्डिंग केलं, अल्बम संपवला. मुखपृष्ठ काळंभोर, कारण ते सुतकात होते. सुरुवातीला घंटेचे संथ ठोके. जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या अल्बममध्ये त्याची गणना होते.

पूर्वी मला ही घाई निर्दय वाटायची. आता वाटत नाही. माल्कम आणि अँगस यंग हे सख्खे भाऊ. एसी/डीसीचं संगीत म्हणजे या दोघांच्या गिटारी. त्यांची चाल, त्यांची ठेका धरण्याची रीत. बॉन गेल्यावर घरात बसून त्यांनी काय केलं असतं? त्यांना दुसरं येतच काय होतं? काही माणसं शोक करतात तीच मुळी हातात काम घेऊन.

आणि नवा गायक ब्रायन जॉन्सन. त्याला आपण पुरेसा मान देत नाही. बॉनने काही वर्षांपूर्वी त्याला 'जॉर्डी' या बँडबरोबर गाताना ऐकलं होतं, आणि या गायकाचं कौतुक यंग भावांपाशी केलं होतं. म्हणजे ज्याच्या जागी उभं राहायचं, त्याचीच पसंती आधी मिळालेली. तरी हिंमत पाहा. ब्रायनने बॉनसारखं गायचा प्रयत्न केला नाही. आवाज अजून वरच्या पट्टीत, अजून खरखरीत. शब्दही त्याने स्वतः लिहिले. बॉनची जागा रिकामीच राहिली आणि शेजारी एक नवी जागा तयार झाली, असं मला तो अल्बम ऐकताना वाटतं.

गायकाचं हे वेगळंच असतं. गिटारिस्ट गेला तर दुसरा माणूस तीच गिटार, तोच अॅम्प्लिफायर घेऊन जवळपास तेच वाजवू शकतो. गायकाचं वाद्य त्याच्याबरोबरच जातं. शिवाय रॉकमधली बरीच गाणी 'मी' म्हणून सुरू होतात. तो 'मी' गेल्यावर ते वाक्य दुसऱ्याने म्हणायचं कसं? पट्टी खाली-वर करून प्रश्न सुटत नाही.

शुक्रवार

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. त्यांचा गायक इयन कर्टिस गेला १८ मे १९८०ला, वय २३. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार होते. उरलेल्या तिघांनी नाव बदललं: न्यू ऑर्डर. आपल्यातला एक जरी कमी झाला तरी हे नाव वापरायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. त्यांनी शब्द पाळला. आधी कुणी गायचं हेही ठरलेलं नव्हतं. सुरुवातीला तिघंही आळीपाळीने गाऊन पाहत होते. शेवटी ते बर्नार्ड समनरकडे आलं, ज्याला गायक म्हणवून घ्यायचंच नव्हतं. मग गिलियन गिल्बर्ट कीबोर्डवर आली आणि हळूहळू सगळं संगीतच वेगळ्या वाटेला लागलं. १९८३मध्ये त्यांनी जे नाचायला लावणारं इलेक्ट्रॉनिक गाणं केलं, ते जॉय डिव्हिजनने कधीच केलं नसतं.

पण त्यांचं पहिलं सिंगल (सुटं काढलेलं गाणं), १९८१चं 'सेरेमनी', इयनच्या काळातलं आहे. त्याने शब्द लिहून ठेवलेले सापडले नाहीत. तालमीची अस्पष्ट टेप पुन्हापुन्हा ऐकून ते उतरवून घ्यावे लागले. गेलेल्या मित्राचा गढूळ आवाज कानाला लावून तो काय म्हणतोय हे शोधणारी ती विशीतली मुलं. हे वाचल्यापासून ते गाणं मी नुसतं मागे चालू ठेवूच शकत नाही. लागलं की हातातलं काम बाजूला ठेवते.

शनिवार

चालींचा मूळ हात मागे उरला तर बँड टिकतो, असं मी दोन दिवस मनाशी धरून होते. अॅलिस इन चेन्स या अमेरिकन बँडला हे चपखल बसतं. त्यांच्या गाण्याचा जीव दोन आवाजांच्या हार्मनीत, म्हणजे एकत्र मिळवलेल्या सुरांत होता: गायक लेन स्टेली आणि गिटारिस्ट जेरी कॅन्ट्रेल. लेन एप्रिल २००२मध्ये गेला, पण अर्धा आवाज आणि बहुतेक चाली कॅन्ट्रेलपाशी राहिल्या. लेनच्या जागी विल्यम डुव्हॉल आला. २००९च्या अल्बमचं शीर्षकगीत लेनसाठी आहे आणि त्यात पियानो एल्टन जॉनचा. शोक गाण्यातच मांडला, लपवला नाही, म्हणून तो अल्बम मला खरा वाटतो.

पण मग द डोर्स? त्यांचा गायक जिम मॉरिसन ३ जुलै १९७१ला पॅरिसमध्ये गेला. गिटारिस्ट रॉबी क्रीगर होता, ज्याने त्यांची काही सर्वांत गाजलेली गाणी लिहिली होती. रे मॅन्झारेक होता, ज्याच्या ऑर्गनशिवाय डोर्स ओळखू येत नाहीत. दोघं स्वतः गायले, दोन अल्बम काढले, १९७१ आणि १९७२मध्ये. वादन उत्तम आहे. तरी १९७३मध्ये सगळं संपलं. ते अल्बम ऐकताना सारखं वाटतं की मधल्या माणसाने आता यावं. तेव्हा चालींचा धागा पुरेसा नाही. आणि वेळेचाही हिशोब जुळत नाही, कारण डोर्सने घाई केली म्हणावं तर एसी/डीसीनेही केलीच होती.

लिनर्ड स्किनर्डने दहा वर्षं वाट पाहिली. २० ऑक्टोबर १९७७च्या विमान अपघातात बँडचा गायक रॉनी व्हॅन झँट आणि स्टीव्ह व कॅसी गेन्स ही भावंडं गेली. १९८७मध्ये बँड पुन्हा उभा राहिला तेव्हा माइकवर रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी होता. सुरुवातीला 'फ्री बर्ड' तो म्हणतच नसे. वादक वाजवायचे, लोक गायचे. थोरल्या भावाचं गाणं तोंडातून निघेना, यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? २०२३मध्ये गिटारिस्ट गॅरी रॉसिंग्टन गेला आणि मूळ वादकांपैकी कुणीच राहिलं नाही. बँड अजून चालू आहे. इथे मात्र माझं मन अडतं. ज्यांनी ते दुःख सोसलं तेच नसतील, तर पुढे चालतंय ते नेमकं काय?

ऑस्ट्रेलियाच्या आयएनएक्सएस या बँडबद्दल लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिते. त्यांचा गायक मायकेल हचेन्स १९९७मध्ये गेला. २००५मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून त्याच्या जागी गायक निवडला गेला, जे. डी. फॉर्च्यून. त्या मुलाचा दोष नाही. पण ती जागा स्पर्धेचं बक्षीस म्हणून ठेवलेली पाहताना मला वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं.

रविवार, सकाळ

थांबणाऱ्यांनाही तेवढाच मान. द क्रॅनबेरीज या आयरिश बँडची गायिका डोलोरेस ओरायर्डन १५ जानेवारी २०१८ला गेली. नव्या अल्बमसाठी तिने डेमोत, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये, गाऊन ठेवलं होतं. उरलेल्या तिघांनी तिच्या घरच्यांना विचारलं, त्यांची संमती घेतली, तिच्या त्या आवाजाभोवती वादन भरलं आणि एप्रिल २०१९मध्ये अल्बम दिला. मग नाव कायमचं मिटवलं. स्टुडिओत हेडफोनमध्ये ती गातेय आणि काचेपलीकडे ती नाही, अशा अवस्थेत त्यांनी दिवसच्या दिवस वाजवलं असेल. ते झाल्यावर दुसऱ्या गायिकेसमोर उभं राहायची ताकद कुणात उरेल?

म्हणून आता मी एवढंच बघते की उरलेले लोक नवं काही करतायत का. जुनी गाणी कुणीही चांगला गायक म्हणू शकतो, आणि लोक ती ऐकायला येतातच. पण नव्या माणसासाठी नवं गाणं बांधलं तरच त्याला खरंच घरात घेतलं, असं मी मानते. ब्रायन जॉन्सनला ते मिळालं. डुव्हॉलला मिळालं. एमिलीला 'फ्रॉम झीरो'त मिळालं आहे. आज सकाळी पुन्हा ऐकला तर तिच्या स्वतःच्या गाण्यांत माझे कान कुणाची वाट बघत नव्हते. चेस्टरची गाणी तिच्या तोंडून ऐकायला मी अजून तयार नाही, आणि तसं व्हायलाच हवं असंही नाही.

क्वीन या ब्रिटिश बँडवर याच कारणासाठी माझा राग आहे, आणि तो प्रेमातूनच आहे. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ला गेला. जॉन डीकन १९९७च्या सुमाराला बाजूला झाला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी नवा गायक घेतला, पण नावात अधिकचं चिन्ह ठेवलं, क्वीन अधिक पॉल रॉजर्स, मग क्वीन अधिक अॅडम लँबर्ट. हे मला फार आवडतं. त्या चिन्हाने फ्रेडीची जागा कुणाला दिली नाही आणि पाहुण्यालाही कमी लेखलं नाही. रॉजर्सबरोबर त्यांनी २००८मध्ये नवा अल्बमही केला. पण लँबर्ट दहा वर्षांहून जास्त काळ त्यांच्याबरोबर गातो आहे आणि त्याच्यासाठी नव्या गाण्यांचा एकही स्टुडिओ अल्बम निघालेला नाही. एवढा समर्थ गायक, एवढी वर्षं, आणि सगळी गाणी दुसऱ्याची. मे आणि टेलर यांनी अजूनही एक करावा, छोटा असला तरी चालेल.