शेजारची खुर्ची

"तुझ्याशेजारी बसून एकटं वाटतं," असे ताई परवा माझे ड्रोन उडवणे आटोपून परतताना सहज बोलून गेली आणि तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही. तक्रार म्हणून तिने ते म्हटले नव्हते. तक्रार असती, तर मला उत्तर तरी सुचले असते.

एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्याच नजरेतून पाहत उडवायचा ड्रोन उडवताना डोळ्यांवर पडद्याचा गॉगल चढलेला असतो आणि ड्रोनचा कॅमेरा जेवढे पाहतो तेवढेच आपल्याला दिसते, म्हणून शेजारी कोणीतरी उघड्या डोळ्यांनी आकाशाकडे लक्ष ठेवून बसावे लागते. अनेक देशांत तर तसा नियमच आहे. माझ्यासाठी हे काम ताई करते. पक्षी जवळ आला, कोणी मैदानात शिरले, ड्रोन झाडांकडे सरकू लागला, की ती सांगते. मी "हो" म्हणतो, आणि त्यापलीकडे बहुधा काहीच बोलत नाही.

बोलणार तरी कसा? अॅक्रो मोडमध्ये, म्हणजे आपोआप तोल सावरणारी सोय बंद ठेवून उडवताना, रिमोटची स्टिक सोडली तरी ड्रोन आपणहून सरळ होत नाही. जितका कलला असेल तितकाच कललेला राहतो आणि त्याला सावरायला उलट दिशेने स्टिक द्यावी लागते. कॅमेरा वरच्या बाजूला तिरपा बसवलेला असल्यामुळे जागच्या जागी थांबले की चित्रात आकाशच अधिक भरते, आणि वेग घेऊन ड्रोन पुढे झुकला की मगच क्षितिज ठिकाणावर येते. म्हणजे भीती वाटली तरी फार हळू जाण्याची सोय नाही. त्यात डोळे सांगतात की आपण वळतो आहोत आणि तोल सांभाळणारे कान सांगतात की आपण खुर्चीत स्वस्थ बसलो आहोत, त्यामुळे सुरुवातीला पोटात ढवळून येत असे. बॅटरी जेमतेम चार-पाच मिनिटांची. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाला मनात जागा उरत नाही.

तरीही परवा रात्री मला स्वतःचीच कीव आली. सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या सरावात, इतके दिवस घालवून पहिले गोल, न डगमगणारे वळण जमले, तेव्हा ते कोणी पाहिले? बाहेरून दिसतो तो तोंड झाकून बसलेला एक माणूस, त्याचे तसूभर हलणारे अंगठे आणि दूरवर चिडलेल्या गांधीलमाशीसारखा एक आवाज.

दुसरा गॉगल त्याच चॅनेलवर लावला तर माझे चित्र ताईलाही दिसेल, हे मला ठाऊक होते; पण मग आकाशाकडे कोण पाहणार? गॉगल घातलेल्या माणसाला राखण करता येत नाही. जी रोज शेजारी बसते तिलाच हे दिसू नये, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटली.

आज दुसरा गॉगल बरोबर नेला होता. ताईने तो हातात घेऊन पाहिला आणि परत पिशवीत ठेवला. मी उडवत असताना एका झाडामागे चित्रात मुंग्या आल्या, मग पडदा फाटल्यासारखा झाला, आणि तिचा आवाज आला, "वर घे, तू झाडाच्या पलीकडे आहेस." वर घेतला, चित्र परतले. उतरल्यावर ती म्हणाली, "मघाचं वळण चांगलं झालं."

तिला कसे कळले, असे मी विचारले. वळण बिघडते तेव्हा मी थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा जोर, घाईने कमी करतो आणि पुन्हा वाढवतो, त्यामुळे मोटरींचा आवाज पडतो आणि चढतो. वळण नीट झाले की तो एका पट्टीत राहतो. शिवाय डावीकडे वळताना माझा डावा खांदाही खाली जातो, हे तिने मला आज सांगितले. मला याचा पत्ताच नव्हता. इतके दिवस ती माझे उडणे ऐकत होती आणि मी समजत होतो की तिच्या वाट्याला काहीच येत नाही.

पुढच्या महिन्यात ती गेल्यावर त्या खुर्चीत कोण बसेल, हा विचार आज करायचा नाही असे मी ठरवले आहे. धोका नसतानाही बोलत राहा, असे मात्र मी तिला सांगितले. शेवटच्या बॅटरीला ती ढगांविषयी बोलत होती, आणि सरळ उड्डाणात मला उत्तर देता आले. वळणावर अजून जमत नाही.