चावी सापडेना: कप्प्यातल्या वायरलेस चार्जरचा तिढा अखेर सुटला, बराचसा

सापडलं! तीन आठवडे गाडीच्या डिस्प्लेवरच्या ‘की नॉट डिटेक्टेड’ने पिच्छा पुरवला होता, त्याचं मूळ काल रात्री हाती लागलं.

गाडीतल्या कप्प्यात मी फोनसाठी वायरलेस चार्जर बसवलाय. त्याच्या तापण्याचं मागच्या नोंदीतलं प्रकरण मिटलंय. कॉइलमागे (फोनला वीज पोचवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यामागे) छोटा पंखा लावल्यापासून फोन मध्येच चार्जिंग सोडत नाही. पण फोन कप्प्यात ठेवून स्टार्टचं बटण दाबलं की गाडीला चावी दिसत नाही, आणि चावी तर खिशातच. फोन उचलला की लगेच दिसते.

आधी चावीतला सीआर२०३२ सेल बदलला. काही फरक नाही. मग संशय बक कन्व्हर्टरवर, म्हणजे चार्जरसाठी गाडीचे व्होल्ट कमी करणाऱ्या सर्किटवर. माझी चावी ४३३ मेगाहर्ट्झवर बोलते, तिथे कन्व्हर्टरचा नॉइज पोचत असणार असं धरून वायरींवर फेराइटचे (नॉइज दाबणाऱ्या चुंबकीय सिरॅमिकचे) मणी चढवले, कन्व्हर्टर पत्र्याच्या डबीत घातला. एफएमवरची खरखर गेली, त्याचा आनंद आहेच. चावीचं दुखणं तसंच.

गृहीतच चुकलं होतं. चावी उत्तर देते ४३३वर, पण त्याआधी गाडी तिला हाक मारते ती १२५ किलोहर्ट्झवर! आणि साध्या क्यूआयची (फोनच्या वायरलेस चार्जिंगच्या प्रमाणित पद्धतीची) कॉइल चालते साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. इनॅमल वायरचे दहा वेढे घेतले, टोकं स्कोपला (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) जोडली आणि कप्प्याशी धरली. १२७च्या आसपास ठसठशीत लहर. गाडी हाका मारत होती, पण चावीच्या कानाशी ढोल वाजत होता. चावी मागच्या सीटवर ठेवून पाहिली: फोन चार्ज होत असतानाही गाडी पहिल्या दाबात सुरू.

मग आडोसा करून पाहिला. जुन्या मॉड्यूलच्या पाठीला फेराइट जेमतेम होतं, त्याखाली ॲल्युमिनियमचा पत्रा सरकवला. दोन मिनिटांत पत्रा चटका बसेल इतका तापला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. मिळालेली पॉवर फोन कळवतो, दिलेल्या पॉवरशी ती जुळली नाही तर मध्ये धातू आहे असं समजून चार्जर थांबतो. मध्ये फेराइट प्लेट घातल्यावर हे थांबलं. (लवचीक शीटपेक्षा कडक भाजलेली प्लेट घ्या. ठिसूळ असते, पण स्कोपवर फरक दिसतो.) आता चावी कप्प्याखाली ठेवली तर सापडते, खिशात असली तर नाही. वरची बाजू मोकळीच राहणार, फोन तिथेच ठेवायचाय.

शेवटी क्यूआय२चं मॉड्यूल बसवलं. चुंबकाची रिंग असलेल्या या पद्धतीत पॉवर ३६० किलोहर्ट्झवर जाते, म्हणजे चावीच्या पट्ट्यापासून लांब. सुरुवातीची ओळखपाळख जुन्याच फ्रिक्वेन्सीवर होते, पण ती क्षणभरच. काल रात्री सलग वीस वेळा गाडी सुरू केली, वीसही वेळा चावी सापडली. फोन चुंबकावर टक्‌कन बसतो तो आवाज ऐकायलाच दोनतीनदा उगाच काढून ठेवला. मॉड्यूलला ९ व्होल्टचा पीडी ट्रिगर (यूएसबी चार्जरकडून ठरावीक व्होल्ट मागून घेणारं छोटं सर्किट) लावलाय. नुसत्या ५ व्होल्टवर १५ वॅटची जाहिरात करणाऱ्यांकडून काही घेऊ नका, पहिलं मॉड्यूल तसंच होतं.

उरलेला भाग: चुंबक नसलेला जुना फोन ठेवला की हेच मॉड्यूल जुन्या फ्रिक्वेन्सीवर उतरतं आणि चावी पुन्हा हरवते. त्यासाठी ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर) लावून स्टार्ट बटणावर नजर ठेवायचा बेत होता. पण हे लिहितानाच सुचलं, एवढं कशाला? माझी गाडी चावी शोधते ती दार उघडल्यावर आणि स्टार्ट दाबल्यावर. छतातल्या दिव्याच्या वायरवरून ५५५ टायमर (ठरावीक वेळ मोजणारी साधी चिप) चालवला, तर दार उघडल्यापासून वीस सेकंद चार्जरची वीज तोडता येईल. दार लावून बसल्या बसल्या वेळ गेला तर अडेल, म्हणून सेकंद बदलायला पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलायचा रेझिस्टर) ठेवतो. ईएसपी३२ परत डब्यात.

दाराचा स्विच निगेटिव्ह तोडतो की पॉझिटिव्ह, हे रविवारी मीटर लावून बघतो. कुणी या वायरवरून आधी जोडणी घेतली असेल तर दिव्याचा हळूहळू विझणारा भाग टायमरला गोंधळात टाकतो का, तेवढं सांगा.