दोघा भावांत एकच मोबाईल
दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदाची प्रायमरी की, म्हणजे डेटाबेसनं प्रत्येक सभासदाची ओळ वेगळी ओळखायची खूण, म्हणून मोबाईल नंबर मीच निवडला होता. प्रत्येकाचा वेगळा, वर पाठ असलेला. पुण्यात बसून हे छानच वाटलं होतं.

कोल्हापूरकडच्या एका संस्थेतून बिलाच्या दिवशी फोन आला. "साहेब, तुम्ही स्वतः या. हितं दोघं भाऊ भांडायला लागल्यात."

वाटणी झालेली, गोठे वेगळे, म्हशी वेगळ्या. मोबाईल मात्र एकच, थोरल्याचा. धाकट्याचं खातं उघडताना स्क्रीनवर 'डुप्लिकेट एंट्री' आलं. यात डेटाबेसचं काहीच चुकलं नव्हतं. एकदा प्रायमरी की ठरली, की ती दोन ओळींना सारखी चालत नाही आणि रिकामीही ठेवता येत नाही. ऑपरेटर पोरानं धाकट्याचं दूध थोरल्याच्याच खात्यावर घातलं. दूधनोंदीची प्रायमरी की होती पावती क्रमांक, त्यामुळे एकाच खात्यावर एका सकाळी दोन नोंदी बिनबोभाट बसल्या. दहा दिवसांचे पैसे थोरल्याच्या बँकेत.

यादी चाळली तर ९९९९९९९९०१ पासून ओळीनं अकरा सभासद. "फोन नाहीत त्यांचे," पोरगं म्हणालं. शिवाय कुणी सिम बदललं की दूध, पशुखाद्य, उचल, डेटाबेसच्या सगळ्या तक्त्यांत की म्हणून गेलेला जुना नंबर बदलायचा. तेही मीच ओढवून घेतलेलं.

तेवढ्यात एका आजींनी किटली पुढे केली. "एकशे सदतीस." किटलीवर तोच आकडा ऑइलपेंटनं रंगवलेला. जुन्या वहीतला सभासद नंबर! हीच की घेऊ, म्हटलं. सचिव हसले. "हा त्यांच्या सासऱ्यांचा नंबर. ते वारले, मग आक्कांच्या नावावर केला." म्हणजे सासऱ्यांचं जुनं दूधही आजींच्या नावावर जाणार.

शेवटी की म्हणून डेटाबेसनंच दिलेला, कुणाला न दिसणारा, कशाचाच अर्थ नसलेला क्रमांक घेतला. किटलीवरचा नंबर आणि मोबाईल हे साधे रकाने झाले. मोबाईल रिकामा ठेवला तरी चालेल असा. खरं तर हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

धाकट्याचं दूध वेगळं काढायचं राहिलं होतं. त्याच्या बायकोनं पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येकीवर थोरल्याचं नाव छापलेलं, आणि त्यावर काट मारून बॉलपेननं धाकट्याचं लिहिलेलं.